जुळवणी उत्तम

वाघीण सफारीच्या जिप्सीपासून दहा-बारा हातांवर बसली होती आणि मोरेश्वर नन्नावरेला ती दिसली नाही.

तो पुढच्या सीटला टेकून उभा होता. मागच्या पाहुण्यांना दबक्या आवाजात सांगत होता, "सांबरानं धोक्याचा कॉल दिला. इथंच आहे कुठंतरी. हलू नका." तेवढ्यात पाहुण्यांपैकी एका बाईंनी त्याच्या खांद्याला बोट लावलं. "गाईड, ती काय तिथे!" मोरेश्वरनं मान पूर्ण डावीकडे वळवली तेव्हा बांबूच्या सावलीत बसून त्याच्याकडेच बघणारी वाघीण त्याला दिसली.

संध्याकाळी गेटवर गाडी लावताना ड्रायव्हर कवडू म्हणाला, "भाऊ, तुले खरंच नाई दिसली?"

"दिसली होती. पाहुण्यांले शोधू देत होतो."

कवडू हसला, पण मोरेश्वरला हसू आलं नाही. चंद्रपूरच्या त्या जंगलात तो वीसेक वर्षं गाईड होता. पळसझरी गेटवर त्याचं नाव होतं ते डोळ्याच्या कोपऱ्यासाठी. समोर बघत बोलता बोलता बाजूच्या गवतात हललेलं शेपूट त्याला कळायचं. पाहुणे त्याचं नाव सांगून बुकिंग करायचे.

त्या हंगामात असं आणखी घडलं. उजवीकडून आलेल्या सायकलवाल्याला तो धडकला. घरात जेवायला बसताना पाण्याचा तांब्या लाथाडला. बायको, शालू, चिडून म्हणाली, "डोळे कुठं ठेवले?" तिनं ते सहज म्हटलं होतं. पण नागपूरहून सुट्टीला आलेल्या मुलीनं, प्रांजलीनं, ते ऐकलं आणि तिचा हात ताटातच थांबला. दृष्टी कमी झालेल्यांसाठी उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत ती नोकरीला होती. दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांना चंद्रपूरला डॉ. ज्योत्स्ना धानोरकरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथं त्याला एका पांढऱ्या अर्धगोलात तोंड घालून बसवलं. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि बाजूला कुठंही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. बराच वेळ दिवाच लागेना. त्यानं तोंड बाहेर काढून सांगितलं, "मॅडम, मशीन बंद पडली वाटते."

"मशीन चालू आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या. "दिवे लागत होते."

नंतर त्यांनी त्याला समोर बसवून समजावलं. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं आणि एका बारीक गाळणीतून निघून जातं. ती गाळणी तुंबली की आतला दाब वाढतो. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस म्हणजे दहा-बारा लाख तंतूंची मोळी. दाबानं त्यातले तंतू एकेक करून मरतात. कडेचं दाखवणारे आधी, मधलं दाखवणारे सगळ्यात शेवटी. दुखत नाही, लाल होत नाही. समोरचं वाचता येतं, म्हणून माणूस येतच नाही.

"याला काचबिंदू म्हणतात. मोतीबिंदू वेगळा. तो काढता येतो, पुन्हा दिसतं. यात गेलेलं परत येत नाही. आहे ते राखायचं."

"पण मले काळं काहून नाई दिसत? नजर गेली तर तिथं काळा डाग पाहिजे ना?"

"आत्ता तुमच्या पाठीमागे काय दिसतंय? काळं?"

मोरेश्वरनं विचार केला. "काहीच नाई."

"तसंच आहे हे. काळं दिसायलाही नस लागते. शिवाय मेंदू आजूबाजूचं घेऊन ते भोक बुजवून टाकतो. झाडाशेजारी भोक असलं की तिथं आणखी झाडच आहे असं तो तुम्हाला सांगतो. घरात आणखी कुणाला होतं का?"

"बाप शेवटी आंधळा झाला होता. वय झालं म्हणत होते सारे."

डॉक्टर म्हणाल्या, "भावंडं असतील तर तपासायला आणा. मुलीचेही डोळे दरवर्षी बघत जा. आणि हे थेंब रोज संध्याकाळी. न चुकता, जन्मभर. दर चार महिन्यांनी मला दाखवायचं."

प्रांजलीची तपासणी तिथल्या तिथं झाली. तिचे डोळे ठीक होते. मोरेश्वरचा भाऊ रामाजी मात्र "पेरणी होऊ दे" म्हणाला आणि पेरणीनंतर विसरला. मोरेश्वर थेंब टाकत राहिला. त्यानं दाब उतरला. डॉक्टर खूश होत्या.

अडचण आली ऑक्टोबरात, पावसाळ्यात बंद असलेलं जंगल पुन्हा उघडताना. दुसरीकडं कुठंतरी झालेल्या अपघातानंतर गाईडांची बाजूची नजर तपासायचा नियम आला होता. मोरेश्वर त्यात नापास झाला. त्याला गेटवर पावत्या फाडायला बसवलं. सकाळी गाड्या आत जायच्या आणि हा खिडकीतून धूळ बघत बसायचा. कॉल ऐकू आला की उभा राहायचा, पुन्हा बसायचा. घरी आल्यावर शालूशी धड बोलेना. ती प्रांजलीला फोनवर म्हणाली, "तुह्या बाबाले काही कर व. माणूस घरात आहे अन् नाई."

प्रांजली काही करू शकत होती. तिच्या कंपनीनं त्याच वर्षी 'साथ' नावाचा चष्मा बाजारात आणला होता.

दिसायला तो साध्या जाड फ्रेमचा चष्मा. दोन्ही दांड्यांच्या सुरुवातीला तांदळाएवढे कॅमेरे. डोळ्याला जे बाजूचं दिसत नाही ते कॅमेरे टिपायचे आणि चष्मा ते चित्र आकसून, वाकवून डोळ्याच्या जिवंत भागात बसवायचा. मोठं अंगण छोट्या आरशात मावतं, तसं. पहिले काही दिवस डोकं गरगरायचं. मग मेंदू ते शिकून घ्यायचा आणि माणसाला वाटायचं, सगळीकडचं दिसतंय. रोज सकाळी चष्मा चढवला की काही क्षण काचेवर बारीक ठिणग्या लुकलुकत. बुबुळ कोणत्या ठिणगीकडे वळतं आणि कोणत्या ठिणगीला दाद देत नाही यावरून चष्मा ठरवी की आज कुठला भाग जिवंत आहे, आणि त्याप्रमाणे चित्र बसवी. काम झालं की कोपऱ्यात एक हिरवं पान उमटे. खाली अक्षरं: जुळवणी उत्तम.

नागपूरच्या केंद्रात प्रांजलीनं स्वतः वडिलांच्या नाकावर तो चष्मा बसवला. "समोर बघा बाबा. आता सांगा, मी कुठं आहे?"

ती त्याच्या उजव्या कानाच्या रेषेत उभी होती. मोरेश्वरनं मान न वळवता सांगितलं, "तिथं. केसात पांढरी क्लिप आहे." आणि मग तो भर केंद्रात, चार माणसांदेखत, रडला.

महिन्याभरात तो चष्म्यासह परीक्षा पास झाला. पहिल्याच सफारीत, उजवीकडे मागे पडलेल्या अर्जुनाच्या फांदीवरून लोंबणारं बिबट्याचं शेपूट त्यानं गाडी पुढं गेल्यावर ओळखलं आणि कवडूला गाडी मागे घ्यायला लावली. कवडू म्हणाला, "आलास बाप्पा तू परत." त्या रात्री घरी मटण झालं.

पुढं जे झालं ते एका दिवसात झालं नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

थेंबांनी मोरेश्वरचे डोळे लाल व्हायचे. एका पाहुण्यानं तक्रार केली की गाईड पिऊन आला होता. मोरेश्वर आयुष्यात प्यायला नव्हता. वनखात्याच्या साहेबांनी बोलावून समज दिली तेव्हा त्यानं चष्म्यामागचे डोळे खाली वळवले आणि त्या संध्याकाळी थेंब टाकले नाहीत. मग हंगाम असला की नाही टाकायचे असं ठरवलं. मग बाटली संपली.

"औषध आणलं नाई तुम्ही," शालू म्हणाली.

"रोज सकाळी हिरवं पान येते. उत्तम म्हणते. मशीन खोटं बोलते का?"

"चष्मा काढल्यावर चाचपडता तुम्ही."

"चष्मा काढल्यावर कोणाले दिसते? तुह्या भावाले विचार."

शालूच्या भावाला जाड भिंगाचा चष्मा होता आणि तो काढला की तोही चाचपडायचा. तिनं रिकामी बाटली कोनाड्यात परत ठेवली. डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन यायचे. "हो, येतो" म्हणून तो ठेवून द्यायचा. चार महिन्यांचे आठ झाले, मग कुणी मोजले नाहीत. प्रांजली फोनवर विचारायची, "बाबा, चष्मा नीट चालतोय ना?" तो म्हणायचा, "एक नंबर." ती चष्म्याचंच विचारायची. डोळ्यांचं विचारायचं तिला सुचलं नाही, कारण चष्मा नीट चालत होता आणि तो नीट चालणं हेच तिचं काम होतं.

अशी तीन वर्षं गेली. थंडीत प्रांजली घरी आली. सकाळी मोरेश्वर अंगणातल्या टाक्याशी तोंड धूत होता. चष्मा ओट्यावर ठेवलेला होता. ती टॉवेल घेऊन त्याच्या बाजूला उभी राहिली आणि हात पुढं केला. त्यानं टॉवेल घेतला नाही. ओलं तोंड घेऊन तो भिंतीवरची खुंटी शोधत राहिला. टॉवेल त्याच्या नाकापासून वीतभर होता.

"बाबा."

तो दचकला. "कधी आलीस?"

"इथंच आहे मी. बाबा, इकडं या. बसा. माझ्या नाकाकडे बघा. नाकच बघायचं, हलायचं नाही."

तिनं एक डोळा त्याला हातानं झाकायला लावला आणि दोन बोटं बाजूनं हळूहळू आत आणू लागली. "बोटं दिसली की सांगा."

बोटं त्याच्या कानापासून निघाली. गालापर्यंत आली, डोळ्याच्या कडेपर्यंत आली. तो तिच्या नाकाकडे आज्ञाधारकपणे बघत होता. "आण ना," तो म्हणाला. "आणत काहून नाई?"

बोटं तिच्या स्वतःच्या गालाला लागली तेव्हा तो म्हणाला, "हां. आली."

तिनं दुसऱ्या बाजूनं करून पाहिलं. वरून केलं, खालून केलं. दुसरा डोळा केला. शालू दारात परात घेऊन उभी होती. ती म्हणाली, "काय झालं व?"

ओट्यावरचा चष्मा प्रांजलीनं उचलला आणि वडिलांच्या डोळ्यांना लावला. ठिणग्या लुकलुकल्या. मोरेश्वरचा चेहरा सैल झाला.

"आलं पान," तो म्हणाला. "पाह्य, मी म्हणत होतो ना? सारं दिसते. तू, तुही माय, ते कडुनिंब. सारं."

डॉ. धानोरकर त्याला रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं, असं प्रांजलीला वाटत राहिलं. त्यांनी अर्धगोलातली तपासणी केली आणि पडद्यावरचं चित्र तिच्याकडे वळवलं. उजव्या डोळ्याच्या काळ्या चकतीत मधोमध मुगाएवढा पांढरा ठिपका होता. डाव्याच्या चकतीत वाटाण्याएवढा. तेवढीच नजर उरली होती.

"एवढ्यातून हे गाडीत उभे राहत होते?" डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या.

"चष्मा सगळं त्यातच बसवत होता," प्रांजली म्हणाली. "जागा कमी झाली की चित्र आणखी आकसायचं. रोज थोडं. त्यामुळं त्यांना फरक कळलाच नाही. मीच समजावलं होतं त्यांना, आपोआप होतं म्हणून."

मोरेश्वर मधेच म्हणाला, "मॅडम, आता टाकतो ना थेंब. दोन वेळा टाकतो."

"टाका, काका. त्यानं उरलेलं थोडं राखता येईल. गेलेलं नाही."

सोमवारी प्रांजली कंपनीच्या प्रमुख केतकी राजूरकरांसमोर उभी राहिली. केतकी मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं.

"चष्म्याला माहीत होतं, मॅडम. रोज सकाळी माहीत होतं. तरी हिरवं पान दाखवत होता."

"जुळवणी उत्तमच होती, प्रांजली. पान जुळवणीचं होतं. डोळ्याची तपासणी डॉक्टरांकडेच करावी, असं डब्यावर छापलं आहे."

"डबा माणूस एकदा बघतो. पान रोज बघतो."

केतकी मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला आपण पिवळं पान ठेवलं होतं. नजर कमी झाली की पिवळं. तुझ्या आधीची गोष्ट. चाचणीत काही लोक घाबरून डॉक्टरकडे गेले. त्याहून जास्त लोकांनी चष्मा कपाटात टाकला आणि घरात बसले. त्यातले कितीतरी पडले. खुबे मोडले. एक आजी विहिरीत पडली. मग पिवळं पान काढलं. तू असतीस तर काय ठेवलं असतंस?"

प्रांजलीला वाटलं होतं, इथं कुणीतरी चोर सापडेल. तिनं राजीनामा दिला नाही. बाबांना आता पैसा लागणार होता; आणखी काय लागेल हे तिला कळत नव्हतं, आणि नोकरी हातची घालवून ते कळणारही नव्हतं. काही महिन्यांनी कंपनीनं हिरव्या पानाखाली एक ओळ वाढवली: डोळे तपासून किती महिने झाले? बरेच लोक ती ओळ बंद करून ठेवत.

थेंबांनी दाब पुरेसा उतरेना. डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. डोळ्यात पाणी निघून जायला नवी वाट करायची.

"एक गोष्ट आधी सांगते," त्या म्हणाल्या. "नजर इतकी थोडी उरलेली असताना ऑपरेशननंतर तीही एकदम जाते, असं कधी कधी होतं. नेहमी नाही. पण होतं. आणि नाही केलं, तर ती हळूहळू जाईलच."

मोरेश्वरनं शालूकडे बघितलं. तिचा चेहरा सापडायला त्याला क्षणभर वेळ लागला. "तू सांग."

"मी काय सांगू? मले काय समजते त्यातलं?"

"पोरी, तू?"

"करू या, बाबा," प्रांजली म्हणाली. चष्म्याच्या वेळीही ती असंच म्हणाली होती.

आधी उजवा डोळा केला. दाब छान उतरला. डॉक्टरांनी पट्टी काढून बोटं समोर धरली. मोरेश्वर बराच वेळ बघत राहिला.

"किती बोटं, काका?"

"तुम्ही हात वर केला का?" त्यानं विचारलं.

डॉक्टरांनी हात खाली घेतला. त्या खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. प्रांजलीला त्यांच्या पाठीवरून कळलं.

डाव्या डोळ्यासाठी तो तयार होईना. घरात कुणी आग्रह करायला धजेना. जोर करावा तर उद्या काही झालं तर तोंड कसं दाखवायचं, आणि न करावा तर वाटाणा रोज बारीक होतोय. चष्मा चढवला तर आता पान येत नसे. एक सभ्य सूचना यायची की या डोळ्यांसाठी जुळवणी शक्य नाही. मोरेश्वर ती अक्षरं एकेक करून वाची आणि चष्मा घडी करून ठेवी. कवडू भेटायला यायचा, जंगलातल्या गोष्टी सांगायचा, मग बोलता बोलता ओशाळून उठायचा.

रामाजी मात्र आपण होऊन डॉक्टरकडे गेला. त्यालाही काचबिंदू निघाला, पण अगदी सुरुवातीचा; सगळं शाबूत होतं. डॉक्टर म्हणाल्या, थेंब नेमानं टाकले तर म्हातारपणापर्यंत काही होणार नाही. मोरेश्वर त्याला रोज दिवेलागणीला फोन करी.

"टाकले का?"

"टाकले ना बाप्पा."

"खरं?"

"खरं."

आवाजात थोडी कुरकुर असायची. खरंच टाकले की नाही, हे समजायला मोरेश्वरकडे मार्ग नव्हता. मोबाईल खाली ठेवून तो तसाच बसून राही.

उन्हाळ्याच्या तोंडाला, कुणी काही न म्हणता, तो स्वतःच म्हणाला, "चला, तोही करून टाकू." डावा डोळा केला. या वेळी पट्टी काढल्यावर त्यानं बोटं बरोबर सांगितली. वाटाणा तेवढाच होता. शालूनं डॉक्टरांचे हात धरले. डॉक्टर म्हणाल्या, "राहील. किती वर्षं ते मी सांगू शकत नाही. दाखवत राहा."

घरी आल्यावर एका दुपारी शालू चुलीपाशी दूध तापवत होती. मोरेश्वर भिंतीच्या आधारानं आला आणि तिच्यासमोर पाटावर बसला.

"इकडं पाह्य."

"काय झालं? दुखते का?"

"नाई. हलू नको."

तिनं हातातली सांडशी खाली ठेवली. तो पुढं झुकून बघू लागला. त्या वाटाण्याएवढ्या उजेडात तिचा एक डोळा मावत होता. तो बघून झाल्यावर त्यानं मान किंचित हलवली, मग भुवईचा थोडा भाग आला, मग कुंकू. नाकापाशी तो वाट चुकला. पदराची कड आली, मग पुन्हा गाल. पहिला डोळा कसा होता ते तोवर मनात धरून ठेवायचं आणि त्याला नाक जोडायचं, ओठ जोडायचे. पूर्ण चेहरा काही केल्या एकदम तयार होईना. हनुवटी आली की कुंकू निसटायचं.

"काय पाह्यता एवढं?" शालूचा आवाज बदलला होता. "रोज तर पाह्यता."

"थांब ना. बोलू नको. ओठ हलते."

ती गप्प बसली. पातेल्याच्या काठाला दूध चढायला लागलं. तिला ते दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं. तो तिच्या डाव्या कानाशी पोचला होता आणि तिथून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत होता. दूध उतू गेलं, चुलीत पडून चर्रकन वाजलं, जळका वास घरभर झाला.

"काय सांडलं?" त्यानं विचारलं.

"काही नाई," शालू म्हणाली, आणि मान जराही हलवली नाही. "तुम्ही पाहा."